दवाखान्याच्या वाटेवर आपली वस्ती

विहाराच्या या वर्षीच्या स्मरणिकेत कोणते लेख घ्यायचे यासाठी कमिटीची मिटिंग झाली. विहाराच्या बांधकामाचा इतिहास, जयंती मंडळाचा इतिहास, अभ्यासिकेचा इतिहास असे विषय भराभर वाटले गेले. मग महिला मंडळातल्या एक वयस्कर ताई मागून म्हणाल्या, "विहाराला पत्रे ठोकायच्या आधी आपण काय करत होतो? माणसं उचलून दवाखान्यात नेत होतो. ते कोण लिहिणार?" सगळे गप्प झाले. हा विषय मग आमच्या वाट्याला आला. आम्ही म्हणजे कमिटीतले तिघे. आमच्यात कोणी डॉक्टर नाही की इतिहासाचा प्राध्यापक नाही. वस्तीतल्या जुन्या माणसांना विचारून आणि वाचनालयातली पुस्तके चाळून जे जमले ते येथे देत आहोत.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. आपली बरीचशी कुटुंबे घाटकोपर-विक्रोळीच्या या पट्ट्यात १९७२ च्या दुष्काळात आली. पण बाहेरून आलेला गरीब माणूस आजारी पडला की हे शहर त्याच्याशी कसे वागते, ते त्याच्या पाऊणशे वर्षे आधीच दिसून गेले होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. गिरण्यांत आणि गोदीत राबणारा कामगार तेव्हा कोकणातून, देशावरून आलेला होता, आणि एकेका खोलीत दाटीवाटीने राहत होता. महापालिकेने हुकूम काढला की रोगी सापडला तर त्याला इस्पितळात न्यायचे, वेळ पडल्यास बळजबरीने. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. (तेच आजचे कस्तुरबा हॉस्पिटल.) दुसऱ्याच दिवशी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम सैल केला. त्यांना धास्ती होती ती साफसफाई करणाऱ्या हलालखोरांची. ते घाबरून मुंबई सोडून गेले असते तर शहर कुजले असते.

इस्पितळावर धावून जाणारे लोक अडाणी होते, अफवांना भुलले, असे सांगितले जाते. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते. आत नेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता, आणि त्याचे आत काय झाले हे त्याच्या भाषेत, त्याच्या घरच्यांना नीट सांगणारे कोणी नव्हते. अशा वेळी आपणही काय केले असते कोण जाणे. पुढे जातीजमातींनी आपापली प्लेग इस्पितळे उघडली तेव्हा लोक तिथे पाय उचलून गेले. ओळखीचा माणूस दारात असला की भीती कमी होते. मात्र ज्या जमातीत पैसेवाले शेठ होते त्यांचीच ही सोय झाली, हेही लिहून ठेवले पाहिजे.

त्याच साथीत पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांनी हडपसरच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी पोराला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथपर्यंत आणले, आणि त्यातच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हे आपल्या पोरांना तोंडपाठ आहे. पण आमच्या ताई काय म्हणाल्या ते ऐका : "दवाखाना लेकानं काढला होता, डॉक्टर होता, औषध होतं. तरी त्या पोराला पाठीवर घेणारं कोणीतरी लागलंच ना?" या लेखात आम्हाला जे सांगायचे आहे ते बरेचसे यात आले.

प्लेगच्या धक्क्याने सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या पाडून रस्ते केले, कामगारांसाठी चाळी बांधल्या. परळच्या पोयबावडीला याच ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांचा संसार कित्येक वर्षे होता. बाबासाहेब आणि माता रमाई यांची चार लेकरे लहानपणीच गेली, एकटे यशवंतराव राहिले. कामगार बाईला बाळंतपणात पगारी रजा मिळावी म्हणून मुंबई कायदेमंडळात विधेयक आले, तेव्हा १९२८ मध्ये बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले. कायदा १९२९ मध्ये झाला. चाळीतली ती खोली आणि कायदेमंडळातले ते भाषण या दोन गोष्टी आम्ही मनात जोडतो. कोणी पुस्तकात जोडल्या असतील, नसतील.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा अहवाल प्रा. अदारकर यांनी १९४४ मध्ये दिला तो त्यांच्याच खात्याला, आणि त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा आला. आपण ज्याला 'ईएसआयचं कार्ड' म्हणतो ते तेच. मुलुंड, कांदिवली, अंधेरी इथली कामगार हॉस्पिटले त्या कार्डावर चालतात. लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या कारखान्यांत जे लागले त्यांच्या घरी बाळंतपणे, ऑपरेशने त्या कार्डावर झाली. आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की त्या कार्डामागे बाबासाहेब आहेत?

पण कार्ड कारखान्याच्या गेटच्या आत होते. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, कागद-काच वेचणाऱ्या मावश्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया, कचऱ्याच्या गाडीवरचा कंत्राटी माणूस यांना कुठले कार्ड? पुढे उपनगरातले कारखाने एकामागून एक बंद पडले, आणि ज्यांच्याकडे कार्ड होते त्यांचेही गेले. कचऱ्याच्या गाडीवर आपल्या समाजाची आणि मराठवाड्यातून आलेली माणसे किती आहेत ते सांगायला नको. महापालिकेच्या २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयातून यायला २०१७ साल उजाडले. तोवर हात कापला तरी तो ज्याचा त्यानेच शिवून घ्यायचा.

आता आपल्या वस्तीकडे येऊ. घाटकोपर आणि अंधेरीपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेत आला तो १९५० मध्ये. मुलुंड आणि दहिसरपर्यंतचा १९५७ मध्ये. त्यामुळे मोठी हॉस्पिटले सगळी खाली, परळ-भायखळ्याकडे. सायनचे हॉस्पिटल १९४७ मध्ये लष्कराच्या बराकीत सुरू झाले होते. आपल्याला जवळ म्हणजे राजावाडी. दुष्काळातून आलेले आपले लोक खाडीच्या बाजूला, नाल्याच्या काठाला राहिले. पाणी विकत, संडास नाही, डास उदंड. आजार यायचेच.

दवाखाना जवळ होता, फुकट होता, तरी माणसे जात नव्हती. हे आम्हालाही विचित्र वाटले, म्हणून जुन्या बायांना खोदून विचारले. त्यातली एक हकीकत सविस्तर देतो. जालन्याकडची एक आई दीड वर्षाचे लेकरू घेऊन एका सरकारी इस्पितळात गेली. कुठल्या ते लिहीत नाही. लेकराच्या बरगड्या मोजता येत होत्या, अंग सारखे तापत होते. डॉक्टरांनी विचारले, काय होतंय? ती म्हणाली, "लेकराला कडकी लागलीया, साहेब." आपल्या गावाकडे कडकी म्हणजे अंगातला ताप, ज्याने शरीर वाळत जाते. मुंबईत कडकी म्हणजे खिसा रिकामा! डॉक्टर तरुण होते, मुंबईचे. ते हसून म्हणाले, "बाई, कडकी तर मलाही आहे, पोराचं सांगा." शेजारचे लोकही हसले. ती बाई लाजली, काही बोललीच नाही. खोकल्याचे औषध घेऊन घरी आली आणि पुन्हा म्हणून गेली नाही. लेकराला टीबी होता हे कळायला पुढे तीन महिने गेले. लेकरू वाचले. आज तो गृहस्थ आपल्या विहाराचा वर्गणीदार आहे, म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते.

अशा बाबी पुष्कळ. 'अंगावरून जातं' हे पुरुष डॉक्टरपुढे कोणती बाई बोलेल? केसपेपरच्या खिडकीवर पत्ता विचारला तर काय सांगायचे, झोपडीला नंबरच नव्हता. आडनाव सांगितले की खिडकीतल्या माणसाचा चेहरा बदलतो की काय, ही धाकधूक गावाकडून सोबत आलेली असायची. कधी तो बदलायचा, कधी नुसता भास असायचा. माणूस मात्र दोन्ही वेळा मागे फिरायचा.

मग सोबत देण्याची पद्धत पडली. कोणी ठराव केला नव्हता. आपल्यातले काही जण महापालिकेच्या इस्पितळात वॉर्डबॉय, आया, सफाई कामगार म्हणून लागले होते. त्यांची ड्युटी कोणती, रात्रपाळीला कोण, हे रविवारी वंदनेनंतर सर्वांना सांगितले जाऊ लागले. शिकणारी पोरे केसपेपर काढायला सोबत जाऊ लागली. झोपडीला पत्ता नाही तर विहाराचा पत्ता द्यायचा, असे ठरले. टपालाने आलेले कागद विहाराच्या कपाटात जमायचे. एका वहीत रक्तगट लिहिले गेले. श्रावस्तीला अतिसाराने पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतः धुतले-पुसले, ती कथा आपण वर्षावासात ऐकतो. पण त्या वेळी ती आठवून कोणी काम केले असे आम्ही म्हणणार नाही. शेजारचा माणूस कण्हत होता, झोप येत नव्हती, म्हणून केले.

टीबीचे मात्र आमच्याकडून नीट जमले नाही, हे कबूल केले पाहिजे. तेव्हा उपचार वर्ष-दीड वर्षाचा, इंजेक्शने टोचून घ्यायची. आपला माणूस एप्रिलमध्ये जयंतीला आणि मे महिन्यात लग्नाला गावी गेला की महिना-दोन महिने औषध तुटायचे. परत आला तो खोकतच. डॉक्टर रागवायचे, "तुम्हा लोकांना काळजीच नाही." काळजी होती, पण गावाजवळ ते औषध देणारे केंद्र कुठे आहे, तिथे कोणता कागद दाखवायचा, हे ना त्याला ठाऊक होते ना आम्हाला. काही जण शिवडीच्या टीबी हॉस्पिटलातून परत आले नाहीत. त्यांची नावे येथे देत नाही, घरच्यांना नको आहे.

१९८८ च्या सुमारास जागतिक बँकेच्या मदतीने महापालिकेने वस्त्यांजवळ हेल्थ पोस्ट काढल्या, आणि वस्तीतल्याच बायांना आरोग्य स्वयंसेविका म्हणून घेतले. आमच्या मते या पन्नास वर्षांत सरकारने केलेले हे सर्वात शहाणपणाचे काम. कारण ती बाई आपल्याच गल्लीतली, तिला कडकी कळते. डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओ सुरू झाले तेव्हा बूथ विहारात लागला आणि त्याच बायांनी घरोघरी हाका मारून पोरे आणली. देशातला शेवटचा पोलिओचा रोगी जानेवारी २०११ मध्ये सापडला. यात या बायांचा वाटा केवढा! पण त्यांना पगार नव्हे, मानधन. कामगार म्हणून मान्यता मिळावी म्हणून त्यांना वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले.

पुढे योजना आल्या. २ जुलै २०१२ पासून मुंबई उपनगरासह ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ पासून तिला महात्मा फुल्यांचे नाव आहे. सुरुवातीला पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड लागायचे. कित्येकांचे कार्ड गावी, भावाच्या नावात अडकलेले. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, असा उच्च न्यायालयाचा आदेश २००६ पासून आहे. वस्तीत दहा जणांना विचारले, दोघांना माहीत होते. दोघेही सोबत जाणाऱ्यांपैकीच.

आता एक अवघड गोष्ट. आपल्या मुली आज स्टाफ नर्स आहेत, फार्मासिस्ट आहेत, दोघी डॉक्टर आहेत. खिडकीच्या आत आपण बसलो आहोत. बाहेरच्या रांगेत उत्तर प्रदेश, बिहारमधून आलेली माणसे आहेत, आपल्याच गल्लीत भाड्याने राहणारी. कमिटीत वाद झाला होता की सोबतीची वही फक्त आपल्या माणसांसाठी की सगळ्यांसाठी? "विहाराची वही आहे, धर्मशाळा नाही," असे एक भाऊ बोलले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हीच माणसे पायी गावी निघाली तेव्हा ते भाऊ स्वतः पाण्याच्या बाटल्या घेऊन हायवेला उभे होते, हेही सांगितले पाहिजे. वाद तसाच राहिला, वही मात्र सगळ्यांसाठी उघडी झाली.

आपल्या गल्लीतली एक नर्स मुलगी मिटिंगमध्ये आपणहून बोलली. मागच्या पावसाळ्यात एक बिहारी बाई तिच्याकडे आली आणि "जी घबराता है" असे सारखे म्हणत होती. हिने लिहिले, 'भीती वाटते', आणि धीर देऊन बसवून ठेवले. बाईला मळमळत होते, छातीत कसेतरी होत होते. तासाभराने डॉक्टरांनी पाहिले तेव्हा धावपळ झाली. बाई बरी आहे. मुलगी म्हणाली, "काका, मी पण त्या डॉक्टरसारखीच निघाले." त्या रविवारी तिने वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखले. डाव्या बाजूला माणूस जो शब्द बोलतो तो, उजव्या बाजूला त्याचा अर्थ. पहिला शब्द तिने 'कडकी' लिहिला, दुसरा 'जी घबराना'. आजपर्यंत एकतीस शब्द झाले आहेत. वही विहाराच्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात असते. आणखी कुणाला शब्द ठाऊक असतील, मराठवाड्याचे, कोकणातले, बिहारकडचे, तर रविवारी वंदनेनंतर आणून द्यावेत.