बेफाम हांकणाऱ्यांचा बंदोबस्त

रस्त्यांत बेफाम गाडी हांकणें आणि वाट मिळाली नाहीं म्हणून हातघाईवर येणें, हीं दुखणीं मोटारीबरोबर जन्मास आलीं असा सार्वत्रिक समज आहे. ठाण्याचा तीनहात नाका, कल्याणचा पत्रीपूल किंवा डोंबिवलीचा फडके रोड येथें सायंकाळीं जो कोलाहल चालतो, तो ऐकून हा समज दृढच व्हावा. परंतु इतिहास कांहीं निराळेंच सांगतो. या दुखण्यावरचें औषध मोटार या देशांत येण्यापूर्वीं सुमारें चाळीस वर्षें कायद्यांत तयार होतें. तें वेळेवर कां घेतलें जात नाहीं, हाच खरा प्रश्न आहे.

ठाणें व कल्याण हीं मूळचीं खाडीकांठचीं बंदरें. मोठा माल गलबतांतून व पडावांतून येई; रस्त्यानें चालत ते बैल, घोडे आणि माणसें. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली, आणि पुढील वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, तो लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणपर्यंत खुला झाला. तेव्हांपासून या गांवांचें तोंड बंदराकडून स्टेशनाकडे फिरलें. भरतीओहोटीच्या मानानें चालणारा व्यवहार मिनिटांच्या हिशेबानें चालूं लागला. गाडी गांठण्याची घाई ही नवी गोष्ट रस्त्यावर आली, रस्ता मात्र बैलगाडीच्या रुंदीचाच राहिला. आजच्या रस्त्यावरील चिडखोरपणाचें एक मूळ येथें सांपडतें.

याच सुमारास हिंदुस्थानचा दंडसंग्रह तयार झाला. १८६० सालीं तो मंजूर होऊन १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला. त्यांतील २७९ वें कलम सार्वजनिक रस्त्यावर अविचारानें किंवा हयगयीनें वाहन हांकणाऱ्यास, आणि तशाच रीतीनें घोडा दौडविणाऱ्यासही, लागू होतें. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कलमाचें मर्म असें कीं, गुन्हा पुरा होण्यास कोणास इजा झालीच पाहिजे असें नाहीं. दुसऱ्याच्या जिवास धोका पोंचेल किंवा इजा होण्याचा संभव उत्पन्न होईल, अशा रीतीनें हांकलें कीं गुन्हा घडला. हयगयीनें मृत्यु घडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगणारें कलम ३०४-अ हें त्यानंतर, १८७० सालीं, जोडण्यांत आलें. म्हणजे रक्त सांडण्यापूर्वींचा उपाय आधीं आला, आणि सांडल्यानंतरचा मागाहून.

याच काळांतील विलायतेचा एक कायदा तुलनेसाठीं पाहण्याजोगा आहे. १८६५ सालच्या त्या कायद्यानें वाफेच्या रस्तागाड्यांना गांवाबाहेर ताशीं चार मैल व गांवांत दोन मैल इतकीच गति ठेवली, आणि गाडीपुढें तांबडें निशाण घेऊन एक मनुष्य चालत जावा असें ठरविलें. तो निर्बंध यंत्रावर होता. यंत्रें सुधारलीं, हलक्या मोटारी आल्या आणि १८९६ सालीं त्यांच्यापुरता तो निर्बंध उठला. उलट दंडसंग्रहाच्या कलमानें यंत्राचें नांवही घेतलें नाहीं. हांकणाऱ्याच्या वृत्तीवर बोट ठेवलें. म्हणून टांगेवाल्यासाठीं लिहिलेलें तें कलम पुढें मोटारवाल्यासही चालून गेलें.

मोटारींसाठीं स्वतंत्र अखिल भारतीय कायदा १९१४ सालीं झाला, त्याच्या जागीं १९३९ चा आला, आणि १९८८ च्या कायद्यानें तोही मागें पडला. १९३९ च्या कायद्यांतील एक तरतूद विशेष महत्त्वाची होती. वाटसरूच्या नुकसानभरपाईसाठीं प्रत्येक मोटारवाल्यानें विमा उतरलाच पाहिजे, हा तिचा आशय. ती १९४६ पासून अमलांत आली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनें जुन्या दंडसंग्रहाची जागा घेतली. त्यांत मृत्यूस कारण होणाऱ्या हयगयीची शिक्षा पांच वर्षांपर्यंत वाढली. परंतु बेफाम हांकण्याचें जुनें कलम २८१ या नव्या क्रमांकानें जसेंच्या तसें उतरलें. दंडाचा आंकडाही हजार रुपयेच राहिला. १८६० सालीं हजार रुपये म्हणजे एखाद्या कुटुंबाची पुंजी होती. आज तेवढे एका वेळच्या हॉटेलांतील जेवणास लागतात.

मध्यंतरीं हीं गांवें शहरें झालीं. ठाण्याची महानगरपालिका १९८२ सालीं झाली, कल्याणची १९८३ सालीं. लोहमार्गानें कल्याण व डोंबिवली यांचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, आणि ते सांधणारे पूल मोजकेच राहिले. १९१४ सालचा पत्रीपूल जीर्ण झाला म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्यें पाडण्यांत आला. नवा पूल जानेवारी २०२१ मध्यें खुला झाला. या अवधींत सारी वाहतूक शेजारच्या अरुंद पुलावर लोटली. डोंबिवलीचा कोपर पूलही २०१९ ते २०२१ या काळांत बंदच होता. घरीं परतणारा मनुष्य अशा ठिकाणीं तासभर अडकून पडला म्हणजे त्याचा धीर सुटतो, हें समजण्यासारखें आहे. तथापि कारण समजणें निराळें आणि क्षमा करणें निराळें.

दुसऱ्याच्या गाडीपुढें आपली गाडी आडवी घालून जाब विचारणें हा मर्दपणा समजणारे पुष्कळ आहेत. वास्तविक, जाण्याचा हक्क असलेल्या मनुष्याची वाट अडविणें हाही १८६० च्या दंडसंग्रहांतील स्वतंत्र गुन्हाच होता, आणि नव्या संहितेंत तो १२६ व्या कलमाखालीं कायम आहे. बेफाम हांकणारा आणि त्यास अडवून मारावयास धांवणारा, असे दोघेही एकाच ग्रंथांत शेजारीं शेजारीं बसलेले आहेत. १९८८ सालीं पतियाळा येथें रस्त्यांत वाट देण्यावरून भांडण जुंपलें, त्यांत ६५ वर्षांच्या एका गृहस्थास मारहाण झाली आणि त्यांचा अंत झाला. मारहाण करणारा एक नामांकित क्रिकेटपटू होता. त्यास एक वर्षाची कैद सर्वोच्च न्यायालयानें शेवटीं २०२२ सालीं ठरविली. क्षणाचा संताप आणि चौतीस वर्षांचा खटला!

जमावाच्या रागाचीही दखल कायद्यास घ्यावी लागली. अपघात करणाऱ्या चालकानें जखमी मनुष्यास वैद्यकीय मदत मिळवून द्यावी, हें १९८८ च्या कायद्याचें १३४ वें कलम सांगतें. परंतु जमावाच्या प्रक्षोभामुळें तें अशक्य असल्यास गोष्ट निराळी, असाही अपवाद तेंच कलम करतें. लोक जितके मारावयास धांवतात तितका चालक पळतो, आणि जखमी मनुष्य रस्त्यांत पडून राहतो. म्हणजे न्याय करावयास निघालेला जमाव पुष्कळदां जखमी मनुष्याचाच घात करतो. त्यास उचलून नेणाऱ्या सज्जनास पोलिसांचा व कोर्टाचा जाच होऊं नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं निर्बंध घालून दिले, आणि २०१९ च्या दुरुस्तीनें तें संरक्षण कायद्यांतच आलें. अजूनही पुष्कळ सुशिक्षित माणसें या भीतीनें मागें सरतात. त्यांनीं ही गोष्ट जाणून घेतली पाहिजे.

मग बेफाम हांकणाऱ्याचें करावें काय? त्याच्याशीं शर्यत लावूं नये, कांच खालीं करून उत्तर देऊं नये; बाजूस होऊन त्यास पुढें जाऊं द्यावें. मात्र तेथेंच विषय संपवूं नये. गाडीचा क्रमांक, स्थळ आणि वेळ लक्षांत ठेवून पोलिसांस कळवावें; प्रसंग तांतडीचा असल्यास ११२ या क्रमांकावर सांगावें. अपघात झाला नाहीं, मग तक्रार कसली, हा विचार कायद्यास धरून नाहीं. तक्रारीची खरी वेळ हीच.

सर्वांत मोठा बंदोबस्त मात्र घराच्या उंबरठ्याच्या आंतच होतो. अल्पवयी मुलाच्या हातीं गाडीची चावी देणाऱ्या पालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनें ठेवली आहे. मुलगा परीक्षेंत पहिला आला म्हणून त्यास कौतुकानें स्कूटर देणारा बाप शेजाऱ्याच्या नातवाचा जीव पणास लावीत असतो, हें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. शिवाय वडील चौकांत तांबडा दिवा ओलांडून जातात आणि पुढच्यास शिव्या देतात, हें मागच्या बैठकीवरून मूल रोज पाहतें. त्याचें वाहनशिक्षण तेथेंच सुरू होतें.

दीडशें वर्षांपूर्वींच्या टांगेवाल्याच्या हातीं लगाम होता, आजच्या गृहस्थाच्या हातीं सुकाणूचक्र आहे. वाहन बदललें, मार्ग रुंदावले, पूल नवे झाले. परंतु रस्त्यावर पायीं चालणारा म्हातारा आणि शाळेंतून परतणारें मूल होतीं तशींच नाजूक राहिलीं आहेत. त्यांच्यासाठीं क्षणभर गाडी थांबविण्यास कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागूं नये.