बाणकोटची शाळा, शनिवार तेली आणि धाडसाचा हिशोब

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातली वाक्यं मुद्दाम तशीच ठेवली आहेत.)

आज थोडा नाजूक विषय आहे. धर्मप्रचार. हा शब्द ऐकला की आपल्याकडे दोन गट लगेच तयार होतात. एक म्हणतो, मिशनऱ्यांनी आपल्याला शिकवलं, शहाणं केलं. दुसरा म्हणतो, ते फक्त धर्म बदलायला आले होते. आज आपण कुठल्याच गटात न बसता आपल्याच किनाऱ्यावर काय घडलं ते बघू. प्रश्न एकच आहे. आपली श्रद्धा जीव धोक्यात घालून सांगत फिरणारा माणूस जग बदलतो का? आणि बदलत असेल, तर त्याला हवं तसंच बदलतो का?

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. आगरदांड्याच्या जेट्टीवर गाडी फेरीबोटीत चढवायची, राजपुरीची खाडी ओलांडायची आणि दिघीला उतरायचं. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. मग बागमांडल्याला दुसरी फेरी, सावित्रीची खाडी पार केली की बाणकोट. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ही बाईक ट्रिप केली असेल. दोनशे वर्षांपूर्वी या रस्त्यावरचा बराचसा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचा होता. बाणकोट मात्र १७५६ पासून इंग्रजांकडे होतं. आणि १८२३ साली तिथे स्कॉटलंडहून मिशनरी येऊन राहिले.

बाणकोटच का? कारण १८१८ मध्ये पेशवाई बुडाली होती, आणि नुकत्याच जिंकलेल्या देशावरच्या मुलखात मिशनरी गेले तर लोक बिथरतील अशी इंग्रज सरकारला धास्ती होती. म्हणून त्यांना कोकण मिळालं. पहिला आलेला डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारला. मागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै इथे मुक्काम करून गावोगाव मराठी शाळा काढल्या.

कंपनीलाच नको असलेले लोक

इथे एक गैरसमज दूर करू. मिशनरी आणि इंग्रज सरकार एकमेकांचा हात धरून आले असं आपल्याला वाटतं. सुरुवातीला तसं नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीला व्यापार आणि महसूल हवा होता. धर्माच्या नावाने गडबड झालेली तिला परवडणारी नव्हती.

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन अमेरिकन मिशनरी ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत उतरले. त्याआधी कलकत्त्यातून त्यांना निघून जायचा हुकूम मिळाला होता. त्यातच अमेरिका आणि इंग्लंड यांचं युद्ध सुरू होतं, म्हणजे हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक. मुंबईतही तोच हुकूम आला. त्यांना जहाजावर चढवून इंग्लंडला पाठवायची तयारी झाली. ते दक्षिणेला निसटले, कोचीनला सापडले, परत आणले गेले. मग त्यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना अर्ज लिहिले. अर्जाचा आशय साधा होता. आम्ही कुणाचं राज्य घ्यायला आलेलो नाही, आमच्या देवाचा निरोप सांगायला आलोय, आणि तुम्ही स्वतः ख्रिस्ती असून आम्हाला अडवताय. शेवटी राहायची परवानगी मिळाली.

मग हॉल काय करत होता? मराठी शिकला, रस्त्यावर, बाजारात, देवळांच्या आवाराजवळ उभा राहून बोलला. लोक ऐकायचे, हसायचे, वाद घालायचे, निघून जायचे. त्याच्या हयातीत ख्रिस्ती झालेले लोक बोटांवर मोजण्याइतके. फॉलोअर्सच्या भाषेत सांगायचं तर तेरा वर्षं पोस्ट टाकतोय आणि लाइक जवळपास शून्य!

१८२६ च्या मार्चमध्ये तो नाशिक, त्र्यंबकेश्वर भागात गेला. तिथे कॉलरा पसरला होता. जवळची बरीचशी औषधं त्याने आजाऱ्यांना वाटून टाकली. परतीच्या वाटेवर एका खेड्यात त्यालाच कॉलरा झाला. स्वतःसाठी पुरेसं औषध उरलं नव्हतं. २० मार्चला, बेचाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, तो एका देवळाच्या ओसरीवर गेला. बायको आणि मुलं आधीच अमेरिकेला रवाना झाली होती. ज्या देवधर्माच्या विरोधात तो आयुष्यभर बोलला, त्याच देवळाने शेवटी त्याला सावली दिली. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी केलेला नव्या कराराचा मराठी अनुवाद त्याच वर्षी छापून पूर्ण झाला.

इथे थांबलो तर ही एका हरलेल्या माणसाची गोष्ट होईल. म्हणून परत आपल्या किनाऱ्यावर येऊ.

शनिवार तेल्यांच्या हातात पुस्तक

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, म्हसळा, पेण, रोहा. या सगळ्या पट्ट्यात शतकानुशतकं एक समाज राहत होता. धंदा तेलाच्या घाण्याचा, भाषा मराठी, बायकांची साडी मराठी. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. हे म्हणजे बेने इस्रायली, आपले कोकणी ज्यू. त्यांची आडनावं ऐकली तर नकाशाच वाचल्यासारखा वाटतो: दिवेकर, किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर. पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि वाचलेले लोक इथेच राहिले, अशी त्यांची परंपरा सांगते.

त्यांनी काय जपलं होतं? शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, 'शेमा' ही प्रार्थना, एलियाहू हनाबी या प्रेषितावरची श्रद्धा. काय हरवलं होतं? हिब्रू भाषा आणि धर्मग्रंथ. म्हणजे नियम पाठ, पण ते जिथे लिहिलेत ते पुस्तकच घरात नाही.

मिशनऱ्यांना हा समाज दिसला तेव्हा त्यांच्या मनात काय आलं असेल याची कल्पना करता येते. बायबलचा पहिला, मोठा भाग तर यांचाच! अब्राहाम, मोशे, दावीद, सगळे यांचेच. येशूपर्यंत यायला एकच पायरी बाकी. म्हणून अमेरिकन मिशनने मुंबईत आणि चौल-रेवदंडा-अलिबागच्या बाजूला काढलेल्या शाळांत बेने इस्रायली मुलं घेतली, बेने इस्रायली शिक्षकही नेमले. इकडे स्कॉटिश मिशनचा जॉन विल्सन १८२९ मध्ये आला. तो आणि त्याची पत्नी मार्गारेट सुरुवातीचे महिने हर्णै-बाणकोटला राहून मराठी शिकले. पुढे मुंबईत मार्गारेटने मुलींच्या शाळा उभ्या केल्या आणि १८३५ मध्ये ती तिथेच वारली. विल्सनने १८३२ मध्ये चक्क मराठीतून हिब्रू व्याकरणाचं पुस्तक काढलं. कोणासाठी? मुख्यतः या बेने इस्रायलींसाठी.

आता गंमत बघा. मुलं शिकली. जुन्या कराराच्या गोष्टी मराठीत वाचायला लागली. हिब्रू अक्षरं ओळखायला लागली. आणि वाचून त्यांना काय कळलं? की आपण कोण आहोत! आजी सांगते ते नियम कुठून आले, आपले सण कोणते, आपण विसरलो काय. ती उरलेली 'एकच पायरी' चढायला मात्र फार थोडे तयार झाले. बहुतेकांनी पुस्तक घेतलं, मिशनऱ्यांना दुवा दिला आणि आपल्या घरी परतले, आधीपेक्षा जास्त पक्के ज्यू होऊन.

हे काम एकट्या मिशनऱ्यांचं नव्हतं, हेही सांगायला हवं. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी मोठा वाटा उचलला. शेलोमो सालेम शुराबी १८२६ मध्ये मुंबईत आले आणि तीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, प्रार्थना शिकवत राहिले. मग एकामागून एक सिनेगॉग उभी राहिली. रेवदंड्याचं बेथ एल १८४२, अलिबागचं मागेन अबोथ १८४८, पनवेलचं बेथ एल १८४९. अलिबागला गेलात तर इस्रायल आळीतलं सिनेगॉग बघून या. जोसेफ इझेकिएल राजपूरकर (१८३४ ते १९०५) हे मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळेत शिकले, पुढे डेव्हिड ससून यांच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले आणि त्यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तकं मराठीत आणली. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. १८८० नंतर तर अब्राहाम आणि योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तनं रंगायला लागली!

वाद समुद्रकिनारी

असंच दुसरं उत्तर पण रायगडचंच. माणगावकडच्या शिरवलीचा विष्णु भिकाजी गोखले, जन्म १८२५. पुढे विष्णुबुवा ब्रह्मचारी म्हणून गाजले. मिशनरी भर रस्त्यात आपल्या धर्मावर टीका करतात, तर आपण का गप्प बसायचं? १८५७ मध्ये जानेवारीपासून मेपर्यंत दर आठवड्याला मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर जाहीर वाद झाले. एका बाजूला विष्णुबुवा, दुसऱ्या बाजूला मिशनरी, त्यात जॉर्ज बोवेन. हा बोवेन पण भारी माणूस. मिशनचा पगार सोडून मुंबईच्या बाजारात साध्या खोलीत गरिबासारखा राहायचा. या वादांचा वृत्तांत त्यानेच छापला. विरोधकाचं म्हणणं स्वतः छापायचं, हे आज किती जण करतात?

छपाईचं पण तसंच. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात एक मुलगा खिळे घासून साफ करायला लागला. नाव जावजी दादाजी. त्याने पुढे स्वतःचा टाइप फाउंड्रीचा धंदा काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्या छापखान्यातून निघालेले संस्कृत ग्रंथ देशभरातल्या शास्त्र्यांच्या घरी पोचले. बायबल छापणाऱ्या यंत्राजवळ शिकलेले हात असे.

दुसरी बाजू

सगळं गोडगोड नव्हतं. १८३९ मध्ये विल्सनच्या शाळेतले दोन पारशी तरुण, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी, ख्रिस्ती झाले. मुंबईत हलकल्लोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं, पारशी पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. त्या तरुणांचं धाडस खरं होतं, आणि त्यांच्या घरच्यांचं दुःखही तितकंच खरं होतं. शिवाय मिशनऱ्यांची भाषा पुष्कळदा बोचरी असायची. समोरच्याच्या देवाला खोटं म्हणून सुरुवात केली की तो ऐकेल कसा? आणि कंपनीची परवानगी एकदा मिळाल्यावर प्रचारक राज्यकर्त्यांच्या रंगाचा, राज्यकर्त्यांच्या धर्माचा होता. हे वजन तराजूत होतंच.

मग धाडस कशात होतं?

समुद्र ओलांडणं हे धाडस होतंच. कॉलऱ्याच्या गावात जाणं हे त्याहून मोठं. पण मला वाटतं, हॉल, विल्सन, बोवेन यांचं सगळ्यात मोठं धाडस वेगळंच होतं. त्यांनी समोरच्याला त्याच्याच भाषेत वाचायला शिकवलं. वाचता येणारा माणूस फक्त तुमचंच पुस्तक वाचत बसत नाही. तो प्रश्न विचारतो, वाद घालतो, तुमच्या छापखान्यात शिकून स्वतःचे ग्रंथ छापतो आणि तुमच्या व्याकरणाच्या आधारे स्वतःची प्रार्थना परत मिळवतो. 'नाही' म्हणायची ताकद तुम्हीच त्याच्या हातात दिलेली असते.

ज्याला फक्त संख्या वाढवायची आहे तो असं करणार नाही. तो भीती घालेल, आमिष दाखवेल, समोरच्याला अडाणी ठेवेल. आपलं म्हणणं खरं आहे यावर ज्याचा मनापासून भरवसा आहे, तोच समोरच्याच्या हातात पुस्तक देऊन म्हणू शकतो: घे, स्वतः वाच, आणि तूच ठरव. ख्रिस्ती श्रोत्यांना मी इतकंच म्हणेन की तुमच्या धर्मातल्या या माणसांचा जगावरचा ठसा बाप्तिस्म्यांच्या आकड्यात मोजला तर फार लहान दिसतो, आणि शाळा, छापखाने, मराठी गद्य यांत मोजला तर खूप मोठा. बाकीच्यांना म्हणेन की विष्णुबुवांनी उत्तर दगडाने दिलं नाही, शब्दांनी दिलं. आणि बेने इस्रायलींनी तर 'नाही' म्हणतानाही शिक्षकाशी वैर धरलं नाही.

पुढच्या वेळी व्हॉट्सॲपवर कुणी धर्माचा मेसेज पाठवला, कुठल्याही धर्माचा, तर एक कसोटी लावून बघा. हा माणूस मला विचार करायला जास्त जागा देतोय, की कमी करतोय?

तुमच्या गावात जुनी मिशन शाळा, सिनेगॉग किंवा जुना छापखाना असेल तर आम्हाला नक्की कळवा. पुढचा भाग चौलच्या बंदरावर. तोवर ऐकत राहा, आणि वाचतही राहा!