एल्मर कीथचं काडतूस : न मोजता येणारी गोष्ट कळते कशी?

मागच्या वेळी प्रमाणांची चर्चा अर्धवट राहिली होती. एखादी गोष्ट आपल्याला कळली असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, तो प्रश्न आज पुढे न्यायचा आहे. पण त्यासाठी निवडलेलं उदाहरण ऐकून काहींच्या भुवया उंचावतील. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ मुलखात काही माणसं मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरने शिकार करत आणि त्यासाठी लागणारी काडतुसं घरच्या टेबलावर स्वतः भरत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा विषय जवळजवळ मिटला, आणि तो मिटला हे आम्हाला बरंच वाटतं. तेव्हा हे काही शिकारीचं गुणगान नव्हे. या माणसांपाशी दाब मोजायचं यंत्र नव्हतं, चूक झाली तर बोटं जाणार होती, आणि तरीही त्यांना काहीतरी नक्की ‘कळत’ होतं. ते कसं, एवढंच बघायचं आहे.

आधी प्रकार समजून घेऊ. काडतुसाचे भाग चार: पितळेची नळी, तिच्या तळाशी ठिणगी देणारी टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी शिशाची गोळी. बार झाला की दारू जळते, टोपी संपते, गोळी जाते. पितळ मात्र उरतं, आणि चारांत महाग तेच. म्हणून काटकसरी माणूस ते उचलून ठेवतो. बार झाल्यावर फुगलेलं पितळ पोलादी डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणायचं, जुनी टोपी काढून नवी बसवायची, तराजूवर दारू तोलायची, गोळी बसवायची आणि पितळेची कड आत वळवून ती घट्ट धरायची. ही शेवटची पायरी क्षुल्लक वाटते, पण मोठ्या रिव्हॉल्व्हरमध्ये तिच्यावाचून चालत नाही. एका बाराच्या धक्क्याने चक्रातल्या बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढे सरकतात आणि चक्र फिरायचंच थांबतं. समोर जखमी जनावर असताना हे होणं बरं नव्हे.

गोळीसुद्धा घरीच ओतायची. शिसं वितळवून त्यात थोडं कथील घालायचं आणि लोखंडी साच्यात ओतायचं. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये काढलेली आयडियल कंपनी असे साचे विकत असे. १९२५ मध्ये ती लायमन कंपनीने घेतली. दारू तोलायची ती ग्रेनमध्ये. ७००० ग्रेनचा एक पौंड. आपल्या सोनारांची गुंज आठवा, एक ग्रेन म्हणजे तिच्या निम्म्याच्या आसपास. सगळा जीव या अर्ध्या गुंजेच्या हिशोबात. (कोणत्या दारूचे किती ग्रेन, हे आम्ही आज मुद्दाम सांगणार नाही. का, ते पुढे कळेल.)

आता आपला नायक. एल्मर कीथ. जन्म १८९९, मिसुरी राज्यात. वाढला मोंटानात, स्थिरावला आयडाहोतल्या सॅमन गावाच्या बाजूला. लहानपणी मिसूला इथे हॉटेलला आग लागली, तीत तो भयंकर भाजला होता. पुढे घोडे वळवले, गुरं राखली, शिकाऱ्यांचा वाटाड्या झाला. अंगाने लहानखुरा, डोक्यावर भली मोठी हॅट. शिक्षण बेताचं, पण लिहायची हौस दांडगी.

१९२५ सालची गोष्ट. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, ४ जुलै. आपल्याकडे फटाके उडतात तसा हा बार काढत होता. कीथने आपल्या .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरसाठी रायफलची जड गोळी मापात आणून काळ्या दारूवर बसवली होती. एका बाराला चक्राचा वरचा भाग फुटून उडाला, वरची पोलादी पट्टीही गेली. माणूस वाचला.

फुटलेल्या हत्याराकडे बघून कीथने जो विचार केला तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. ‘दारू कमी करू’ एवढ्यावर तो थांबला नाही. फुटलं कुठून, हे त्याने पाहिलं. रिव्हॉल्व्हरच्या चक्रात सहा घरं असतात आणि त्यांच्यामध्ये भिंती. .४५ची घरं मोठी, म्हणून भिंती पातळ. तेवढ्याच चक्रात .४४ची घरं कोरली तर भिंती जाड राहतात. म्हणून तो १९०७ पासून चालत आलेल्या .४४ स्पेशल या काडतुसाकडे वळला. पुढे लायमनने त्याच्या आखणीप्रमाणे साचा काढला: सपाट नाकाची, खांद्यावर धारदार कड असलेली, २५० ग्रेनची गोळी. म्हणजे सुमारे १६ ग्रॅम, जुन्या मापाने एक तोळा साडेचार मासे. हा साचा आजही चालतो.

पण दारू वाढवत न्यायची तर ‘आता पुरे’ हे कळायचं कसं? नोबल यांनी १८६०च्या दशकात बनवलेलं, तांब्याचा तुकडा किती चेपला त्यावरून दाब सांगणारं यंत्र होतं, पण ते कारखान्यांत आणि तोफखान्यांत. घरी उरतात चिन्हं. बार झाल्यावर टोपी किती सपाट झाली? पितळ घरातून सहज निघतं की चिकटून बसतं? धक्का नेहमीसारखा की वेगळा? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे न्यायशास्त्रातला जुना डोंगर दिसू लागतो. धूर दिसला म्हणून अग्नी आहे. टोपी सपाट झाली म्हणून दाब चढला आहे. शुद्ध अनुमान.

आणि जिथे अनुमान तिथे हेत्वाभास आलाच. एका कंपनीची टोपी मऊ धातूची असते, ती साध्या दाबालाही सपाट होते. म्हणजे हेतू व्यभिचारी. याच्या उलटचा प्रकार जास्त वाईट. पितळाला खूण दाखवायला पुरेल एवढा दाब होईपर्यंत कित्येकदा पोलादाने सहन करायची मर्यादा ओलांडलेली असते. धूर नाही म्हणून अग्नी नाही, असं म्हणता येत नाही. आमच्या वर्गात अशा चुकीला गुण कापले जात. तिथे बोटं कापली जात.

बरं, प्रत्येकाने आपलं हत्यार फोडून शिकायचं का? नाही. त्यासाठी शब्दप्रमाण आहे. कीथ मासिकांतून लिहायचा, १९३६ मध्ये त्याने काडतुसांच्या भरणीवर पुस्तकही काढलं, आणि माणसं त्याचं वाचून तसंच भरायची. नैयायिकांच्या मते आप्त कोण? ज्याला गोष्ट प्रत्यक्ष माहीत आहे आणि ती जशी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे. कीथला ही व्याख्या लागू पडते. पण एक फट राहते. जुन्या पितळांचा तळ आतून खोलगट असे, टोपीची वाटी आत उभी आणि तिच्याभोवती दारूला जागा. पुढे भरीव तळाची पितळं आली. बाहेरून हुबेहूब तीच, आत जागा कमी. तेवढीच दारू, जागा कमी, दाब जास्त. कीथने स्वतः नव्या पितळांसाठी आपलं माप एक ग्रेनने उतरवलं. पण ज्याने जुना लेख वाचला आणि नवं पितळ विकत घेतलं, त्याचं काय? आप्ताचा शब्द खरा, माप खरं, तरी निष्कर्ष घातक. वाक्य तेच राहिलं, त्याखालचं जग बदललं. आकडे सांगणार नाही म्हटलं ते याचसाठी.

कीथ वर्षानुवर्षं कंपन्यांच्या मागे लागला होता: मी घरी भरतो तसं जोरकस .४४ काडतूस तुम्ही कारखान्यात का बनवत नाही? कंपन्यांची भीती रास्त होती. लोकांच्या कपाटांत जुनी .४४ रिव्हॉल्व्हर पडून आहेत. कुणी नवं काडतूस त्यात घातलं तर?

उत्तर निघालं १९५५ मध्ये, आणि ते इतकं साधं आहे की आम्हाला त्याचं फार कौतुक वाटतं. रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसन यांनी मिळून पितळ सुमारे एक अष्टमांश इंच लांब केलं. बस. आता नवं काडतूस जुन्या घरात पुरतं बसतच नाही, चक्र मिटत नाही. जुनं आखूड काडतूस मात्र नव्या हत्यारात खुशाल चालतं. व्याप्ती असते तशीच ही एकतर्फी वाट: जिथे धूर तिथे अग्नी, पण जिथे अग्नी तिथे धूर असेलच असं नाही. हीच युक्ती १९३५ मध्ये .३५७ मॅग्नमसाठी वापरली होती. .४४ स्पेशल हेही मुळात १९व्या शतकातलं .४४ रशियन, लांबवलेलं. (आणि नावाला .४४ असलं तरी गोळीचा व्यास ०.४२९ इंच. पूर्वी गोळी पितळाच्या बाहेरच्या मापाची असे, ती पुढे आत गेली आणि नाव बाहेरच राहिलं. आडनावं अशीच टिकतात.) या अष्टमांश इंचाला न वाचणाऱ्याचीही काळजी आहे. लेख वाचणाऱ्यालाच सावध करतो. लांबी सगळ्यांनाच अडवते.

गंमत अशी की कीथने मागितलं होतं त्याहून रेमिंग्टनने जास्त दिलं. त्याला सेकंदाला १२०० फुटांच्या आसपासचा वेग पुरेसा होता. कारखान्याचं काडतूस १४०० च्या पुढे गेलं. पहिल्या काही रिव्हॉल्व्हरांपैकी एक कीथकडे आलं. कारखान्याची गोळी मऊ, नळीत शिसं धरतं, अशी त्याची तक्रार होतीच. तो आपली घरची गोळीच भरत राहिला.

आता सर्वांत वादाची गोष्ट. एका शिकाऱ्याच्या रायफलने जखमी झालेला म्यूल डिअर जातीचा नर पळून चालला होता. कीथ जमिनीवर पालथा पडला, पुढची माशी खाचेतून वर काढून त्यावर हरणाला ‘ठेवलं’ आणि .४४ मॅग्नमचे बार टाकले. अंतर त्याच्या सांगण्याप्रमाणे ६०० यार्ड. हरीण पडलं. हे त्याने छापलं, आणि लोक हसले. ढोबळ हिशोबाने इतक्या अंतराला गोळी पोचायला जवळपास दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती चाळीस-पन्नास फूट खाली येते. जाणते लोक रिव्हॉल्व्हरने शंभर यार्डांच्या आतच शिकार करतात.

ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कारांवर लिहिताना एका भारतीय राजपुत्राचं उदाहरण दिलं आहे. थंडीने पाणी गोठतं हे त्याने मानायचं नाकारलं. त्याचा तर्क बरोबर होता, म्हणतो ह्यूम. त्याचा अनुभव उष्ण देशातला होता, एवढंच. कीथला हसणारे बहुतेक पन्नास यार्डांवर कागदाला भोकं पाडणारे होते. पण म्हणून कीथचं खरं असं होत नाही. शेवटचे दोन बार लागले. आधीचे हुकले, हेही तो सांगतो. आमच्या मते त्याच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा ही हुकल्याची कबुलीच आहे. १९७९ च्या आत्मचरित्राचं नाव त्याने ठेवलं ‘हेल, आय वॉज देअर!’. म्हणजे ‘अरे, मी होतो ना तिथे!’ न्यायालयात साक्षीदार असं म्हणाला तर वकील लगेच उलटतपासणी सुरू करतो.

आणि एक प्रश्न या वादात कुणी फारसा विचारत नाही. त्याने बार टाकला, कारण जनावर आधीच जखमी होतं. धडधाकट हरणावर त्या अंतरावरून बार टाकणं हा वेगळा गुन्हा ठरला असता. नंतरच्या कित्येक वाचकांनी ६०० हा आकडा लक्षात ठेवला, ‘जखमी’ हा शब्द गाळला. पितळाचं झालं तेच इथेही.

पुढचा इतिहास झरझर. युटामध्ये डिक कसल यांनी .४५च्याच घराण्यातलं .४५४ उभं केलं. चक्रात सहाऐवजी पाचच घरं, म्हणजे पुन्हा भिंती जाड. १९८३ मध्ये वायोमिंगमधल्या फ्रीडम आर्म्सने त्याचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. २००३ मध्ये स्मिथ अँड वेसनचं .५०० आलं, तेही पाच घरांचं. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ने .४४ मॅग्नम अशा लोकांपर्यंत नेलं ज्यांनी हरीण फक्त पडद्यावर पाहिलं होतं.

वेग मोजायची घरगुती यंत्रं आली, प्रयोगशाळांत दाबाची विद्युत मापकं आली. मग बऱ्याच छापील पुस्तिकांतले जुने आकडे खाली उतरवले गेले. पिढ्यान्पिढ्या ‘चाललेली’ काही मापं मर्यादेच्या वर होती, हे उघड झालं. ती चालली होती ती पोलादाच्या भलेपणावर.

इथे सभागृहातून एक चिठ्ठी आली आहे: ‘सर, तुम्ही कीथवर विश्वास ठेवाल का?’ हरणाच्या बाबतीत, हो, बहुतेक ठेवू. दारूच्या मापाच्या बाबतीत, तुमचं पितळ कोणत्या सालचं ते आधी सांगा.