बरगड्यांविना पंख

जर्मनीत आइसलेबेन आणि मान्सफेल्डच्या परिसरात तांब्यासाठी शतकानुशतके खणलेल्या काळ्या, पापुद्र्यांच्या खडकातून विसाव्या शतकाच्या आरंभी एका लहान सरपटणाऱ्या प्राण्याचे अवशेष हाती आले. त्याच्या धडालगत हाडांच्या लांब, बारीक काड्या होत्या. ओटो येकेल या जीवाश्मतज्ज्ञाला त्या सीलाकॅन्थ माशाच्या परांचे काटे वाटल्या आणि दगड साफ करताना त्याने त्या काढून टाकल्या. हा खडक माशांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असल्याने त्याला तसे वाटणे स्वाभाविक होते, पण पंखांचा पुरावाच त्यामुळे गेला. पुढे 1930 साली योहानेस वायगेल्टने या प्राण्याचे वर्णन केले. आज तो वायगेल्टिसॉरस म्हणून ओळखला जातो.

मादागास्करमध्ये सापडलेल्या त्याच्या भाऊबंदांचा अभ्यास करून रॉबर्ट कॅरोलने 1978 मध्ये हे प्राणी तरंगत उतरणारे होते असे मांडले, आणि त्या काड्या म्हणजे लांबलेल्या बरगड्या असे धरले. त्यामागे जिवंत उदाहरण होते. गोव्यापासून केरळपर्यंतच्या सह्याद्रीच्या रानात राहणारा उडता सरडा, ड्रॅको, लांब बरगड्यांवर ताणलेली कातडी पसरून एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. न्यू जर्सीत सापडलेल्या ट्रायासिक काळातल्या इकारोसॉरसचे पंखही बरगड्यांचेच. मग त्याहून जुन्या प्राण्यातही तेच असणार, हा तर्क सोपा होता. माझ्या मते हा तर्कच घातक ठरला: आजच्या प्राण्याचा साचा आधी मनात ठेवला की दगडातले हाड त्यात बसवण्याचा मोह होतो. एल्रिख येथे मिळालेल्या जवळपास संपूर्ण सांगाड्यावरून एबरहार्ड फ्राय आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये दाखवून दिले की या प्राण्याला नेहमीच्या बरगड्या वेगळ्या आहेतच. काड्या त्यांच्याशी जोडलेल्या नाहीत. त्या कातडीत स्वतंत्रपणे तयार झालेल्या हाडांच्या आहेत.

यावर आक्षेप येतो की केवळ उडण्यासाठी शरीराने अगदी नवी हाडे घडवावीत, हे पटण्याजोगे नाही. मोडून सरकलेल्या बरगड्याच त्या असाव्यात. पण कण्याशी संबंध नसलेली हाडे सरपटणाऱ्यांत नवलाची नाहीत. मगरीच्या पाठीवरच्या हाडी पट्ट्या कातडीतच तयार होतात, आणि तिच्या पोटाखालीही कण्याला न जोडलेली हाडे असतात. शिवाय बरगड्या आपल्या जागी असताना त्याच सरकल्या असे कसे म्हणणार? पंख नुसते जोडीदाराला दाखवण्यासाठी होते, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण या प्राण्यांच्या डोक्यावर शिंगे असलेली कड होती आणि दिखाव्याची हौस त्यांना असू शकते. तरीही सडपातळ हातपाय आणि लांब बोटे झाडांवर वावरणाऱ्याची आहेत, आणि कातडीचा एवढा रुंद पडदा पसरून झाडावरून सुटलेल्या प्राण्याला तो हवेत आधार देणारच. एकाच अवयवाने दोन्ही कामे करणे तर ड्रॅकोतही दिसते: नर आपले रंगीत पंख उघडून प्रतिस्पर्ध्याला धाक घालतो.

पंखांचा उगम धडाच्या कुठल्या भागातून, हा प्रश्न त्यानंतरही राहिला. वालांतँ ब्युफा आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये मादागास्करच्या सांगाड्यांचा फेरअभ्यास करून पंख धडाच्या खालच्या अंगाला, पोटाजवळ जोडलेले असावेत असे सुचवले. ड्रॅकोचे पंख मात्र बरगड्यांचे असल्यामुळे धडाच्या वरच्या बाजूने फुटतात.