कपाळावरची बट

मागच्या महिन्यात दहा तारखेला आमच्या गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, कुणाचा हप्ता राहिला ते वहीत लिहून झालं, आणि चहा येईपर्यंत एका ताईंनी घरचं गाऱ्हाणं काढलं. त्यांची मुलगी पंढरपुरात कॉलेजला जाते. तिनं मोबाईलवर बघून घरच्या घरी पुढचे केस कापले. मधोमध भांग, आणि दोन्ही बाजूंनी कपाळावरून गालापर्यंत उतरणाऱ्या बटा, खिडकीचे पडदे दोन्हीकडे सारावेत तशा. ह्याला कर्टन बँग्ज म्हणतात. घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. आजी म्हणाली, "ह्या झिपऱ्या घेऊन पाहुण्यांपुढं बसणार का?" बाप बोलेचना.

बैठकीत कुणी हसलं, कुणी म्हणालं, पोरी हाताबाहेर गेल्या. तेव्हा आमच्या गटातल्या एक मावशी, ज्या कधी फारशा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "केस तिचेच हायती न्हवं?"

एवढंच. पण मी घरी आले तरी ते वाक्य डोक्यातून जाईना. बाईचे केस बाईचे, हे आपल्याकडे कधीपासून आहे? आहे का तरी? म्हणून आज त्याच्याच इतिहासाबद्दल बोलते.

पहिली गोष्ट, कपाळावर बट सोडणं हे काही मोबाईलनं शिकवलेलं नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रं दीड हजार वर्षांपूर्वीची. सतराव्या लेण्यात हातात आरसा धरून सजणारी एक राजकन्या आहे. त्या चित्रांतल्या बायकांच्या कपाळावर कुरळ्या बटा उतरलेल्या दिसतात. जुन्या भाषेत अशा बटांना 'अलक' असा खास शब्दही होता. म्हणजे आजी ज्याला झिपऱ्या म्हणते, त्याला एके काळी शृंगार म्हणत.

आणि आपल्या पंढरपूरचं काय? आपल्याकडे तर जनाबाई आहे. नामदेवांच्या घरची दासी, दळणकांडण करणारी. गोपाळपूरला गेलात की तिचं जातं बघून येता. तिच्या नावानं जे अभंग सांगितले जातात, त्यांत विठ्ठल तिला न्हाऊ घालतो, तिचे केस विंचरतो, वेणी घालतो. विचार करा, दिवसभर राबणाऱ्या बाईच्या गुंतलेल्या केसांना हात लावायला घरचं माणूससुद्धा येत नाही, तिथं देव फणी घेऊन बसला. वारकऱ्यांनी ही गोष्ट शतकानुशतकं प्रेमानं जपली.

पण त्याच पंढरपुरात, त्याच महाराष्ट्रात, दुसरी गोष्टही चालू होती. नवरा मेला की बाईचं डोकं भादरायचं. ह्याला केशवपन म्हणत. ब्राह्मणांत आणि काही वरच्या जातींत ही चाल होती. न्हावी बोलवायचा, केस उतरवायचे, तांबडं आलवण नेसवायचं. आणि हे एकदा करून भागत नसे. केस उगवले की पुन्हा वस्तरा, असं मरेपर्यंत. पोरीपोरींची लग्नं होत होती, त्यामुळे कितीतरी विधवा नवऱ्याचं तोंडही नीट न पाहिलेल्या असत. बाई कुरूप दिसली म्हणजे तिच्याकडे कुणी बघणार नाही, असा हिशेब. प्रत्यक्षात व्हायचं उलटंच. घरातल्याच कुणीतरी फसवायचं, आणि दिवस गेले की दोष तिचा.

म्हणून जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. बारा वर्षांनी, १८७५ साली, असंच एक घर आपल्या पंढरपुरात निघालं. तीर्थाच्या गावी विधवा येत, काहींना घरचेच आणून सोडत. टाकून दिलेली तान्ही मुलं इथं सापडत. लालशंकर उमियाशंकर हे तेव्हा इथं न्यायाधीश होते, प्रार्थना समाजाच्या विचाराचे. त्यांनी पुढाकार घेऊन बालकाश्रम सुरू केला. आज नवरंगे बालकाश्रम म्हणतो, तो हाच. त्याच्यावरून आपण बाजाराला जातो, पण तो कशासाठी निघाला, हे पोरींना सांगत नाही.

पुढचं पाऊल कुणी उचललं माहीत आहे? न्हाव्यांनी. वस्तरा ज्यांच्या हातात होता, त्यांनी. नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांचे सहकारी, मुंबईच्या गिरणी कामगारांचे पुढारी. त्यांच्या पुढाकारानं १८९० साली मुंबईत शेकडो नाभिक बांधव जमले आणि त्यांनी ठरवलं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. पोटावर पाय येणार हे दिसत असताना ठरवलं. मला ह्यात एक शिकण्यासारखं वाटतं. वाईट रीत चालते ती सांगणाऱ्यामुळे कमी आणि करणाऱ्या हातांमुळे जास्त. हात थांबले की रीत थांबते.

आणि शेवटी त्या बायका स्वतःच बोलल्या. कोकणातल्या पार्वतीबाई आठवले ह्या बालपणी लग्न झालेल्या, ऐन तारुण्यात विधवा झालेल्या. त्यांचंही केशवपन झालं होतं. पुढे त्या धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात आल्या, शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या, अमेरिकेलाही जाऊन आल्या. वयाची बरीच वर्षं डोकं भादरल्यावर त्यांनी एक दिवस ते थांबवलं आणि केस वाढवले. 'माझी कहाणी' ह्या पुस्तकात त्यांनी हे सारं लिहिलंय. नटायचं वय निघून गेलं होतं. तरी वाढवले. कारण प्रश्न नटण्याचा नव्हताच.

आता म्हणाल, आमच्या घरात कुठं केशवपन होतं? खरंय, बहुतेक गटांतल्या बायकांच्या घरी ही चाल नव्हती. पण आपली भाषा ऐका. 'कपाळ पांढरं झालं' म्हणतो. 'कपाळात लिहिलेलं' म्हणतो. बाईचं कपाळ म्हणजे जणू गावाची पाटी, कुणीही यावं आणि लिहावं, पुसावं.

त्यात एकदा सिनेमानं गंमत केली. १९६० साली 'लव्ह इन सिमला' आला. त्यातली साधना नवी होती, कपाळ रुंद होतं. दिग्दर्शकानं तिचे पुढचे केस विलायती नटी ऑड्री हेपबर्नसारखे कापून घेतले. ते इतके गाजले की 'साधना कट' हे नावच पडलं. साधनाची बट सरळ कपाळभर होती. मधोमध दुभंगलेली, आत्ताच्या पोरींची, ती फ्रान्सच्या ब्रिजित बार्दोनं त्याच सुमारास गाजवली. माझ्या आत्यानं त्या काळात कापड बेतायच्या कात्रीनं साधना कट केला आणि महिनाभर डोक्यावरचा पदर काढायची चोरी झाली. साठ वर्षांनी तेच भांडण आमच्या बैठकीत आलं.

तर पोरीला करायचंच असेल तर नीट शिकवा, मैत्रिणींनो. केस धुऊन पूर्ण वाळवून मग कापायचे. ओले केस लांब दिसतात, वाळले की वर चढतात. मधोमध भांग पाडून पुढच्या केसांचा त्रिकोण वेगळा घ्यायचा, बाकीचे मागे बांधायचे. पहिल्यांदा नाकाच्या शेंड्याइतके लांब ठेवायचे. अजून कापता येतं, चिकटवता येत नाही. कात्री उभी धरून टोकं टिपायची, मधले आखूड आणि कडेचे गालापर्यंत. रोज सकाळी तेवढ्याच बटा ओल्या करून, तोंडापासून मागं वळवत कापडाच्या जाड वळकटीवर गुंडाळून पिन लावायची. भाकरी होईपर्यंत वाळतात, मशीन लागत नाही. मग बोटांनी मोकळ्या करायच्या. त्या बटांना तेल नको, नाहीतर आपल्या उन्हात घामानं कपाळावर पुटकुळ्या येतात. रानात जाताना क्लिप लावून मागं.

आता त्या मावशींचं सांगते. बैठक संपल्यावर मी त्यांच्याबरोबर चालत गेले. म्हणाल्या, "नवरा गेला तवा मी सव्वीस वर्साची. कुंकू पुसलं, गजरा गेला. क्येस कुणी कापलं न्हाईत. पर तवापासनं तेल लावून घट्ट बांधती. एक बट जरी सुटली तरी बाया इचारत्यात, कुणासाठी?"

म्हणजे वस्तरा गेला, पण प्रश्न विचारणारी तोंडं राहिली. आणि ती तोंडं आपलीच आहेत.

आपल्याच जिल्ह्यातल्या करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी विधवा प्रथेविरुद्ध मोहीम काढली. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की आमच्या गावात कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. मग सरकारनंही इतर गावांना तसं सुचवलं. ठराव ग्रामसभेत होतो, पण पाळायचा असतो अंत्यविधीच्या वेळी अंगणात. तिथं हात कुणाचे असतात? बायकांचेच. मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० साली हात मागे घेतले. आपल्याला का जमू नये?

मी मावशींना म्हटलं, तुम्हीही एक बट सोडा की. त्या हसल्या. "मला नगं. पर त्या पोरीला ऱ्हाऊ दे."

येत्या संक्रांतीला आमच्या गटाचं हळदीकुंकू आहे. मावशींना वाण द्यायचं, कुंकू लावायचं आणि गजरा माळायचा, असा विषय पुढच्या बैठकीच्या वहीत मी लिहून ठेवलाय. दोघीतिघींची कुरकुर आहे. ठराव होईल की नाही, आज सांगता येत नाही. तुमच्या गटात हा विषय अजून निघाला नसेल, तर ह्या महिन्यात काढा. बचतीचे पैसे मोजून झाल्यावर, चहा येईपर्यंत वेळ असतोच.