बोरीचा कवीश्वर आणि त्याचे वाचक

परभणी जिल्ह्यांतील बोरी, जुन्या नांवानें कासारबोरी, हें गांव मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत एका कवीमुळें कायमचें नोंदलें गेलें आहे. तो कवि म्हणजे भास्करभट्ट बोरीकर. महानुभाव पंथ त्याला ‘कवीश्वर’ म्हणून ओळखतो. पंथाच्या ज्या शाखा पुढें झाल्या त्यांपैकीं एकीला त्याच्यावरूनच कवीश्वराम्नाय हें नांव पडलें. संस्कृत साहित्यांत मुरलेला हा विद्वान पंथांत आला तेव्हां आपली विद्या त्यानें वेशीबाहेर ठेवली नाहीं, बरोबर घेऊन आला. पुढचा सारा प्रकार त्या विद्येनेंच घडविला.

इ. स. १३१२ च्या सुमारास त्यानें ‘शिशुपालवध’ हें ओवीबद्ध काव्य रचलें. ओवीसंख्या १०८७. कथा भागवताच्या दशमस्कंधांतली. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञांत श्रीकृष्णानें शिशुपालाचा वध केला ती. पण ग्रंथाचें हें नांव ऐकतांच दोन प्रकारचे वाचक दोन निरनिराळ्या अपेक्षा धरून बसतात. ज्यानें माघ वाचला आहे त्याला त्याच नांवाचें वीस सर्गांचें संस्कृत महाकाव्य आठवतें. त्या महाकाव्यांत श्रीकृष्ण यज्ञाला निघतो खरा, पण वाटेंत रैवतक पर्वत लागतो आणि कवि तेथेंच रमतो. ऋतूंचीं वर्णनें होतात, जलक्रीडा होते, सूर्य मावळतो, मद्यपान चालतें, पहाट उजाडते, आणि शिशुपालाचें मस्तक तुटतें तें विसाव्या सर्गाच्या अखेरीस. माघाच्या वाचकाला हा विलंब खटकत नाहीं. तो विलंबासाठींच आलेला असतो. दुसर्‍या वाचकानें मात्र माघ वाचलेला नसतो. त्यानें कृष्णकथा ऐकलेली असते, आणि दुष्टाचें निर्दालन व देवाचा महिमा एवढेंच त्याला हवें असतें.

भास्करभट्टानें कथा भागवताची घेतली व वाट माघाची धरली. श्रीकृष्ण-रुक्मिणींचा प्रणय, तिचा रुसवा, त्याची मनधरणी, यांवर त्याची लेखणी अशी रंगली कीं, ज्याच्या नांवानें काव्य ओळखलें जातें तो बिचारा शिशुपाल आपल्या मरणाची वाट पाहत बसतो.

काव्य पुरें झाल्यावर तें पंथांतील एका अधिकारी गुरुबंधूपुढें आलें. त्याचा अभिप्राय परंपरेनें जपून ठेवला आहे. ग्रंथ उत्तम वठला, असें तो प्रथम म्हणाला. आणि लगेच पुढें म्हणाला कीं, हा निवृत्तांच्या उपयोगाचा नव्हे, प्रपंचांत रमलेल्या शृंगारप्रिय माणसाच्या उपयोगाचा आहे. मराठींतील ग्रंथपरीक्षणाच्या आरंभींच्या नमुन्यांत या अभिप्रायाची गणना करण्यास हरकत नाहीं. आणि परीक्षण किती नेमकें! छंद चुकला, उपमा फसली, कथा लांबली, असें एक अक्षर त्यांत नाहीं. तक्रार एवढीच कीं, ग्रंथ आणि त्याचा वाचक यांची गांठ चुकली.

सुशिक्षित घरांतला आजचा वाचक हें ऐकून कपाळाला आठ्या घालील. संन्याशांना काव्य काय कळणार, असेंही म्हणेल. परंतु त्या संन्याशांची दिनचर्या डोळ्यांपुढें आणली पाहिजे. चक्रधरस्वामींच्या शिकवणीप्रमाणें घरदार सोडून, भिक्षा मागून, एका जागीं न गुंततां फिरणारीं हीं माणसें होतीं. त्यांत पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या. वैराग्य हा त्यांच्या चर्चेचा विषय नव्हता, रोजचा आचार होता. अशा माणसाच्या हातीं पडलेली पोथी ही करमणुकीची वस्तु नसते. जें मोठ्या कष्टानें मागें टाकलें तेंच तिनें गोड करून पुढें मांडलें, तर वाचकाची फसगत झाली असेंच म्हणावें लागेल.

वाचक कोण, हा प्रश्न या पंथाला नवा नव्हताच. केशिराजबास हा संस्कृतज्ञ शिष्य संस्कृतांत ग्रंथरचना करूं लागला तेव्हां नागदेवाचार्यांनीं त्याला थांबविल्याची आठवण प्रसिद्ध आहे. आपल्या म्हातार्‍या बायाबापड्या त्या ज्ञानाला मुकतील, हें त्यांचें कारण. लीळाचरित्रासारखा गद्यग्रंथ मराठींत निर्माण झाला तो या दृष्टीच्या छायेंत. तेथें पंडिताला भाषेबद्दल अडविलें, येथें कवीला रसाबद्दल. दोन्ही वेळां न्यायासनावर वाचकच बसलेला आहे.

पण म्हणून वाचक मागेल तें कवीनें द्यावें, असा या पंथाचा दंडक होता असें मात्र कोणी समजूं नये. ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिणार्‍या नरेंद्राची गोष्ट याच परंपरेंत सांगतात. देवगिरीच्या रामदेवराव यादवाला तें काव्य इतकें आवडलें कीं, ओवीगणिक सोन्याचीं नाणीं देऊं करून त्यानें तें आपल्या नांवावर मागितलें. नरेंद्रानें नकार दिला. राजाची इच्छा आणि सहप्रवाशाची गरज यांतला भेद त्या काळच्या कवींना चांगला कळत होता.

वाचकाला आधीं तयार करून घेण्याची कला मराठींत तेव्हां अगदीं अपरिचित होती असेंही नव्हे. इ. स. १२९० मध्यें पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरींत नवव्या अध्यायाच्या आरंभीं ज्ञानदेव श्रोत्यांचें अवधान मागतात, त्या अवधानाच्या बदल्यांत काय मिळेल याचें वचन देतात, आणि मगच विषयाला हात घालतात. श्रोता कोणत्या भूमिकेंत बसला आहे हें ठरल्याशिवाय त्यांचें पाऊल पुढें पडत नाहीं.

ही भूमिकेची गोष्ट पुढच्या काळांत रंगभूमीवर अधिक उघड दिसते. १८४३ मध्यें विष्णुदास भाव्यांनीं सांगलीस ‘सीतास्वयंवर’ नाटक केलें. त्यांच्या नाटकांत पात्रांचीं भाषणें लिहून दिलेलीं नसत. सूत्रधार पद्यांतून प्रसंग सांगे आणि सोंग घेतलेला नट त्या प्रसंगाला साजेल असें भाषण आयत्या वेळीं करी. राक्षस आला कीं आरडाओरड व तरवारींचा खणखणाट व्हावयाचा, हें प्रेक्षकाला ठाऊक असे. न झाला तर त्याचा विरस होई. खेळणारे आणि पाहणारे यांच्यांत न लिहिलेला असा एक ठराव होता, आणि तो सांभाळण्याचें काम सूत्रधाराकडे असे. भास्करभट्टाजवळ सूत्रधार नव्हता. त्याचें काव्य राजसभेच्या रीतीनें चाललें, आणि ऐकणारे मठांतल्या रीतीनें बसले.

त्यानें वाद घातल्याचें कोठें दिसत नाहीं. काव्यही फाडून टाकलें नाहीं. त्यानें दुसरा ग्रंथ लिहिला, तो ‘उद्धवगीता’. विषय भागवताचा एकादशस्कंध; अवतारसमाप्तीच्या वेळीं श्रीकृष्णानें उद्धवाला केलेला उपदेश. ओव्या पहिल्या काव्याहून कमी, आठशेंच्या थोड्या वर. एकादशस्कंधावरील मराठी रचनांत ही अगदीं आरंभींची. एकनाथांचें भागवत यानंतर अडीचशें वर्षांहून अधिक काळानें, १५७३ मध्यें, काशीस पुरें झालें.

एकादशस्कंधांत अवधूताच्या चोवीस गुरूंची कथा येते, आणि त्या गुरूंत पिंगला नांवाची वेश्या आहे. नटूनथटून ती दाराशीं ग्राहकाची वाट पाहते, आंत जाते, पुन्हां बाहेर येते. मध्यरात्र होते, कोणी येत नाहीं, आणि त्या निराशेंतूनच तिला वैराग्य होतें. साजशृंगार केलेली, वाट पाहणारी स्त्री येथेंही आहेच. प्रियकरासाठीं झुरणारी नायिका काव्यशास्त्र ज्या खुणांनीं ओळखतें, त्यांतल्या कितीतरी या पिंगलेला लागू पडतात. परंतु ही कथा उपदेशाच्या चौकटींत बसलेली असल्यामुळें निवृत्त वाचक तिच्यापुढें संकोचत नाहीं. ती कोठें पोंचणार आहे हें त्याला आधींच कळलेलें असतें.

महानुभावांनीं पुढें सात काव्यग्रंथ विशेष मानाचे ठरविले. त्या ‘साती ग्रंथां’त नरेंद्राचें ‘रुक्मिणीस्वयंवर’ आहे, दामोदर पंडिताचें ‘वछाहरण’ आहे, ‘ऋद्धिपुरवर्णन’, ‘ज्ञानप्रबोध’, ‘सह्याद्रिवर्णन’ आहेत. आणि भास्करभट्टाचे एक सोडून दोन ग्रंथ आहेत. ‘उद्धवगीते’च्या जोडीला ‘शिशुपालवध’ही! निवृत्तांच्या उपयोगाचा नव्हे म्हणून ज्याला बाजूला सारलें, तोच ग्रंथ निवृत्तांनीं पिढ्यान् पिढ्या नकलून ठेवला. पंथानें आपलें वाङ्मय सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत लिहून परक्या डोळ्यांपासून शतकानुशतकें झांकलें होतें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्या लिपीची किल्ली लावली तेव्हां कोठें पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्यांत प्रवेश मिळाला. प्रपंचांत रमलेला जो रसिक त्या गुरुबंधूनें ‘शिशुपालवधा’साठीं नेमला होता, तो मोठ्या संख्येनें त्या काव्याला भेटला तो त्यानंतर.