'कल्याणमित्त' : एका शब्दाचा अर्थविचार

विहारांतील प्रवचनांत 'कल्याणमित्र' हा शब्द वारंवार कानी पडतो. सन्मार्गाचा उपदेश करणारा ज्येष्ठ पुरुष, असा त्याचा अर्थ बहुधा घेतला जातो. या अर्थाला आधार आहे. ५व्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्गा'त साधकास ध्यानविषय देणाऱ्या आचार्यास हेच नाव दिले. तथापि मूळ सुत्तांकडे वळल्यास अधिक व्यापक अर्थ हाती येतो, असे आमचे मत आहे.

पालि 'मित्त' हे संस्कृत 'मित्र' शब्दाचे रूप होय. 'अवेस्ता'त त्याचा सहोदर शब्द 'मिथ्र' हा 'करार' या अर्थी येतो. परस्परांस दिलेल्या वचनाची ही छटा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. 'मेत्ता' हा शब्दही याच कुळातील. 'कल्याण' म्हणजे शुभ, हितकर. आणि 'सहाय' म्हणजे बरोबर चालणारा.

संयुत्तनिकायातील उपड्ढसुत्तात आनंद कल्याणमित्रतेस ब्रह्मचर्याचा अर्धा भाग म्हणतात. तथागत त्यांना थांबवून सांगतात, की तेच संपूर्ण ब्रह्मचर्य होय. येथे भिक्खूस 'कल्याणमित्त', 'कल्याणसहाय' ही विशेषणे लावली आहेत. व्याकरणदृष्ट्या हे बहुव्रीही समास आहेत: ज्याचे मित्र चांगले तो, ज्याचे सोबती चांगले तो. अर्थात हा शब्द प्रथम उपदेशकाचा नव्हे, सत्संगती जोडणाऱ्या साधकाचा आहे.

ही संगती केवळ भिक्खूंसाठी नाही. अंगुत्तरनिकायात कोलियांच्या दीघजाणू नामक गृहस्थास तथागत सांगतात, की ज्या गावी राहावे तेथील श्रद्धा, शील, त्याग व प्रज्ञा यांनी संपन्न माणसांशी बसावे, बोलावे, त्यांचे गुण घ्यावेत. ती माणसे तरुण असोत वा वृद्ध. कसोटी शीलाची आहे. येथे जन्माचा प्रश्नच उद्भवत नाही.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या 'रिडल्स इन हिंदुइझम' या ग्रंथात त्यांनी 'बंधुता' हा शब्द अपुरा मानून बुद्धांचा 'मैत्री' हा शब्द योग्य ठरविला आहे. समता व स्वातंत्र्य यांना टिकवून धरणारी शक्ती त्यांना मैत्रीत दिसली. म्हणून 'कल्याणमित्र' ही पदवी इतरांस देऊन आपले कर्तव्य संपत नाही. आपण कोणाची सोबत जोडतो आणि कोणास दूर ठेवतो, हा प्रश्न हा शब्द प्रत्येक उपासकास विचारतो.